एका ग्राफसाठी सोलापूर

सोलापूरची चादर आमच्या घरात माझ्या आजोबांच्या काळापासून आहे, पण सोलापूर मात्र मी पन्नाशी उलटेपर्यंत पाहिलं नव्हतं. कोकणातल्या माणसाला घाट चढायला काहीतरी कारण लागतं. लग्न, आजारपण, नाहीतर बदली. मला कारण मिळालं ते एका आरोपीचं. ज्यांनी सोलापूर पाहिलेलं नाही आणि ज्यांच्या वाट्याला असा आरोपीही कधी आलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी किनाऱ्यावरच्या एका गावी वकिली करते. गावाचं नाव मुद्दामच देत नाही. सीमेवर लढाई पेटली होती त्या दिवसांत आमच्याकडे समुद्रावर कडक पहारा बसला होता. होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या, संध्याकाळी दिवे मालवलेले, आणि जो तो एकमेकांकडे संशयाने बघणारा. त्या आठवड्यात बंदराच्या धक्क्यावर मोठा कागद पसरून काहीतरी काढत बसलेल्या एका परक्या माणसाला लोकांनी पकडून पोलिसांच्या हवाली केलं. अंबादास म्याकल, वय बेचाळीस, राहणार सोलापूर. फोनवर तो कोणाला न कळणाऱ्या भाषेत बोलत होता. ती भाषा तेलुगू होती. कागदावर बारीक चौकोन होते, त्यांत लाल-निळे ठिपके आणि कडेला आकड्यांची रांग. त्याच्यावर दहशतवादाचा कायदा लावला गेला.

आमच्या वकील मंडळींनी ठराव केला की ह्या माणसाचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. मीही त्या ठरावाला हात वर केला होता. ते लपवत नाही. पण मोफत कायदा मदतीच्या यादीत माझं नाव होतं, आणि न्यायाधीशांनी सरळ मलाच बोलावून सांगितलं, "तुम्ही नाही म्हणत असाल तर तसं लिहून द्या." लिहून द्यायला हात धजला नाही. एवढंच माझं शौर्य.

तुरुंगात पहिल्यांदा भेटला तेव्हा तो भिंतीला धरून चालत होता. एकट्याची कोठडी, दिवा कधी बंद व्हायचा नाही, पावसाळाभर ओल्या फरशीवर झोपलेला. हजारो लोकांसाठी पांघरुणं विणलेल्या त्या माणसाला एक चादर मिळाली नव्हती. अटकेची कारणं त्याला इंग्रजीत दिली होती, खाली त्याने तेलुगूत सही केली होती. इंग्रजी त्याला येत नाही. मी विचारलं, "काय लिहिलं होतं?" तो म्हणाला, "काय माहीत मॅडम. सही कर म्हणले, केलो." मग हळूच म्हणाला, "ते डिझाइन आहे, चादरीचं. मासे बघून काढायला इकडं आलो. त्यात मासे आहेत. मागावर लावून बघा की."

मी त्या कागदाची नक्कल पाहिली, अनेकदा पाहिली. मला एकही मासा दिसला नाही. आरोपपत्रात लिहिलं होतं की ही आमच्या किनारपट्टीची रेषा आहे, टोकाचं वर्तुळ म्हणजे दीपस्तंभ, आणि कडेचे आकडे हा सांकेतिक मजकूर. खरं सांगायचं तर मला ते वर्तुळ दीपस्तंभासारखंच दिसायचं. चादर मिळावी म्हणून अर्ज केला, चादर मिळाली. बाकीच्यासाठी सोलापूर गाठणं भाग होतं.

मिरज ते सोलापूर

जानेवारीचे दिवस होते. एसटीने घाट चढून मिरज गाठलं आणि तिथून कुर्डुवाडीची गाडी धरली. आमच्याकडे डोळ्यांपुढे नेहमी काहीतरी येतं, डोंगर, माड, नाहीतर वळण. इथे नजर जाते ती जातच राहते. ज्वारी कमरेच्या वर आलेली, मध्येच एखादं बाभळीचं झाड, आणि आभाळ इतकं मोठं की मला थोडं उघड्यावर पडल्यासारखं वाटलं.

कुर्डुवाडीला गाडी बदलली. समोरच्या बाकावर मोहोळकडची एक बाई येऊन बसली. साठीची असेल, हिरवं इरकली लुगडं, मांडीवर गाठोडं.

"कुटं निघाला, बाई?"

"सोलापूरला. कोर्टाचं काम आहे."

"जिमिनीचं?"

रेल्वेच्या डब्यात ह्या विषयावर बोलू नये हे शहाणपण मला होतं. पण तिने गाठोडं सोडून कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी माझ्या हातावर ठेवली होती, आणि खाल्ल्या मिठाला खोटं बोलवेना. मी सांगितलं, की अतिरेकी म्हणून धरलेल्या माणसाचं काम आहे.

तिने गाठोड्याची गाठ पुन्हा मारली. खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "माजा भाचा हाय फौजेत. लडाईच्या टायमाला चौदा दिस फोन न्हवता त्याचा. आमच्या घरात कुनी जेवलं न्हाय."

माझ्या तोंडात भाकरी होती. कडक भाकरी ही आमच्या तांदळाच्या भाकरीसारखी विरघळत नाही. मोडायला आवाज होतो. तो आवाज करायचंही मला अवघड झालं.

मोहोळ आलं तशी ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "दोषी आसंल तर सोडू नगा. पर हाय का न्हाय ते बघाया तर पायजे की कुनीतरी. जावा तुमी." आणि उरलेल्या दोन भाकऱ्या माझ्या पिशवीत कोंबून उतरून गेली. कोर्टात मी तीस वर्षं निकाल ऐकते आहे. इतका नेमका क्वचित ऐकला.

सोलापूर, पहिला दिवस

अंबादासचं घर शहराच्या पूर्वेकडे, मागांच्या वस्तीत. अशा वस्तीला शांतता ठाऊक नसते. प्रत्येक चौथ्या दारातून खटखट, खटखट चालू. माझ्या गावी समुद्राचा आवाज जसा काही दिवसांनी ऐकूच येईनासा होतो, तसं ह्यांचं होत असावं.

दार उघडलं ते त्याच्या मुलीने, अनुषाने. बारावीला होती. तिच्या मागे तिची आई पद्मा विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसलेली. "कूर्चोंडी," म्हणाली आणि लगेच मराठीत, "बसा, बसा." पद्मा माहेरची तेलंगणातली. मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही.

"आमच्या मिस्टरना पत्रं मिळतात की नाही?" तिचा पहिला प्रश्न.

मिळत नव्हती. तेलुगू वाचणारं कोणी नाही म्हणून तुरुंगाच्या कचेरीत तिची सात पत्रं तशीच पडून होती, आणि इकडे हिला वाटत होतं की नवरा रागावला आहे. मी म्हटलं, "अनुषाकडून मराठीत लिहून घ्या, म्हणजे लगेच पोचतील."

पद्माने सूप खाली ठेवलं. "मुलीच्या हातानं मी नवऱ्याला काय लिहिणार, मॅडम? माझी भाषा आहे. त्यात काय चोरी आहे?"

मला लाज वाटली. वकील मी होते आणि हक्क ती सांगत होती. तिथेच बसून मी अर्जाचा मसुदा केला: आमच्या गावच्या बँकेत वरंगळकडचे एक अधिकारी आहेत, त्यांच्याकडून पत्रं वाचून घ्यावीत आणि कैद्याला द्यावीत. पुढे तो अर्ज मंजूर झाला आणि सातही पत्रं एका दिवशी त्याच्या हातात पडली, तो भाग वेगळा.

जेवायला पद्माने सर्वपिंडी केली. तांदळाच्या पिठात शेंगदाणे, तीळ, हिरवी मिरची घालून कढईच्या आत थापून भाजलेली जाड भाकरी. आमच्या घावनाची ही दूरची, जरा तापट बहीण. मिरचीने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अनुषा हसली, आणि मग हसल्याबद्दल आईकडे चोरून बघायला लागली. त्या घरात बऱ्याच दिवसांत कोणी हसलेलं नसावं. शेजारचं कोणी येत नव्हतं. दारासमोरून जाणारी माणसं पायरीकडे न बघता जात होती, ती मी बसल्या जागेवरून मोजू शकत होते.

दुपारी अंबादास काम करायचा त्या कारखान्यात गेले. मालकांनी चहा दिला, खुर्ची दिली, आणि सांगितलं, "माणूस चांगला होता. पण आमचं नाव कुठं येऊ देऊ नका." होता, म्हणाले. जिवंत माणसाबद्दल.

दुसरा दिवस

"हनीफचाचांकडे जाऊ," अनुषा म्हणाली. "नान्ना त्यांच्याकडेच शिकले." नान्ना म्हणजे तिचे वडील.

हनीफचाचा सत्तरीचे, जाड चष्म्याचे, पाठीत वाकलेले. आता बहुतेक ठिकाणी डिझाइन संगणकावर होतं, पण त्यांच्याकडे जुना जेकॉर्ड माग अजून चालू होता. वर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ, पट्ट्यांना भोकं. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. एवढ्यावर मोर, कमळ, हत्ती, सगळं विणलं जातं. पण पट्ट्यांना भोकं पाडण्याआधी, म्हणजे पंच करण्याआधी, ते चित्र चौकोनांच्या कागदावर काढावं लागतं. एक चौकोन म्हणजे एक धागा. त्याला ग्राफ म्हणतात.

मी पिशवीतून आरोपपत्राची प्रत काढली. चाचांनी ती लांब धरली, जवळ धरली. "ये तो गिराफ है ना. इसमें क्या समजना है? मगर मॅडम, रंग किदर गया?"

हीच तर अडचण होती. मूळ कागद मोठा आणि लाल-निळ्या पेन्सिलीने भरलेला. मला मिळालेली प्रत म्हणजे त्याचे चौदा काळपट तुकडे, आणि लाल काय, निळं काय, सगळा राखेचा रंग. आरोपीला कागदपत्रांची नक्कल द्यायलाच हवी, तसा कायदा आहे. ती वाचता येईल अशी द्यावी, ह्यासाठी मात्र भांडावं लागतं, आणि ते भांडण मी अजून जिंकले नव्हते.

"लाल-नीला नै समजे तो पंच कैसा करूं?" चाचांनी कागद परत केला. "अंदाजे से नै करता मैं. गलत निकला तो बच्चा अंदर."

आम्ही दोघी बाहेर पडलो. अनुषाने मला नव्या पेठेत नेलं, नवा ग्राफ कागद आणि पेन्सिली घ्यायला, म्हणाली, "बसून बघू तर." संक्रांतीची गर्दी. कापडाची दुकानं, सराफांची दुकानं, मधून माणसं आणि माणसांच्या मधून रिक्षा. त्या गर्दीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि कोणीतरी त्याच चपलेवर पाय देऊन तिला पुढे घेऊन गेलं. एका पायाने लंगडत मी कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदाराने न विचारता पाण्याचा तांब्या दिला, आणि कुठून आलात, कोणाकडे आलात असं सगळं विचारून घेतलं. आमच्याकडे पाणी देतात, पण इतके प्रश्न विचारायला दुसरी भेट लागते. मी त्याला म्याकलांचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा बदलला. पण तांब्या त्याने काढून घेतला नाही.

पायरीवर बसल्या बसल्या अनुषाने प्रत पुन्हा उघडली होती. अचानक तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"मॅडम, हे आकडे! नान्नांना एक सवय आहे. प्रत्येक ओळीत लाल चौकोन किती, ते कडेला लिहून ठेवतात. मोजताना चुकू नये म्हणून."

आरोपपत्रातला सांकेतिक मजकूर तो हाच. मी पहिली ओळ घेतली. कडेला एकवीस. जरा गडद दिसणारे चौकोन बोटाने मोजत गेले. एकवीस. दुसरी ओळ, चोवीस. चोवीस भरले. तिसऱ्या ओळीला मी चुकले, अनुषाने मोजले, बरोबर आले. म्हणजे गडद ते लाल. मी एक चप्पल हातात घेऊन रिक्षा थांबवली आणि आम्ही परत चाचांच्या दारात.

चाचांनी आकडे पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. "अरे, ये मैंच सिकाया उसकू!" म्हणाले. डोळे भरून आले होते. "बैठो. अब्बी करते."

तिसरा आणि चौथा दिवस

फरशीवर चौदा तुकडे खळीने जोडले. अनुषा आकडा वाचायची, मी चौकोन मोजायचे, चाचा पेटीसारखी बटणं असलेल्या यंत्रावर पुठ्ठ्याला भोकं पाडायचे. पद्मा विड्या सोडून आली आणि पट्ट्या ओळीने दोऱ्यात ओवू लागली. आख्खी चादर नव्हे, फक्त मधलं चित्र एकदाच विणायचं असं ठरलं. तरी दोन दिवस लागले. मधून चाचांच्या घरून शेंगा पोळी यायची. आमची पुरणपोळी तूप मागते. ही भाजलेल्या शेंगदाण्यांची, स्वतःच्याच तेलाने मऊ. मी दिवसाला पाच खाल्ल्या. काळजीत मला भूक लागते.

काळजी मोठी होती आणि ती मी कोणाला सांगितली नाही. मागावर जर किनाराच उमटला तर? टोकाशी दीपस्तंभच निघाला तर? एका मुलीने स्वतःच्या हाताने बापाविरुद्धचा पुरावा विणून दिला असं होईल. वकिलाने असं करावं का? तिसऱ्या दिवशी मी अनुषाला बाहेर नेऊन विचारलं, "थांबवायचं का? अजून वेळ आहे."

ती म्हणाली, "नान्ना म्हणाले ना मासे आहेत?"

"म्हणाले."

"मग झालं तर."

चौथ्या दिवशी दुपारी चाचांनी माग सुरू केला. धोटा इकडून तिकडे पळू लागला आणि पोटाशी कापड बोटाबोटाने वाढू लागलं. आधी नुसती वाकडी रेषा. ती थेट आमचा किनारा होती. मग वर्तुळ. दीपस्तंभ. मी डोळे मिटले.

"मॅडम, देखो तो," चाचा म्हणाले.

डोळे उघडले तर उजव्या बाजूलाही तशीच रेषा उमटत होती, उलटी. चाचांनी समजावलं, की कागदावर डिझाइन कायम निम्मंच काढतात. उरलेलं निम्मं मागच भरतो, आरशातल्यासारखं. पोलिसांनी निम्म्या चित्राला नकाशा म्हटलं होतं. दोन्ही बाजू मिळाल्या आणि मध्ये एक होडी उभी राहिली. होडीच्या दोन्ही अंगांना एकेक मासा. रुंद, चपटा, दुभंगलेल्या शेपटीचा. वर्तुळ म्हणजे त्याचा डोळा.

सरंगा, म्हणजे पापलेट! चाळीस वर्षं ज्याच्या तुकड्या मी तव्यावर परतल्या, त्याला मी चार महिने किनारपट्टी समजून बघत होते.

मी इतकी मोठ्याने हसले की चाचांनी माग थांबवला. मग मला रडू आलं. पद्माने कापडावर हात फिरवला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. अनुषाने सांगितलं, "आई म्हणते, डोळा जरा मोठा काढला आहे."

मधला मुक्काम: आमचं कोर्ट

हनीफचाचांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो साक्षीसाठी. सकाळी त्यांना धक्क्यावर नेलं. बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "इत्ता पानी, और पीने कू नै."

सरकारी वकिलांनी कसून विरोध केला. लढाईचा काळ होता, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, असल्या आरोपीला सवलत देऊ नये, म्हणाले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांचं काम करत होते. मी दोनच गोष्टी मांडल्या. ह्या माणसाला का धरलं ते त्याला समजेल अशा भाषेत कधी सांगितलंच नाही. ही सवलत नव्हे, हा प्रत्येक अटक झालेल्या माणसाचा हक्क आहे, लढाई असो वा नसो. आणि दुसरं, हा कागद सरकार पक्षाचाच आहे. तो फक्त पूर्ण वाचून घ्यावा.

मी कापड उलगडून टेबलावर ठेवलं. चाचा एकेक ओळ सांगू लागले, आकडा, चौकोन, धागा. न्यायाधीश पुढे वाकून बघत होते. तेवढ्यात दाराशी उभा असलेला आमचा शिपाई, ज्याचा बाप आणि भाऊ दोघे मासेमारी करतात, तो न राहवून बोलून गेला, "सायबानू, ह्यो तर सरंगो!"

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी त्याला दम दिला, पण मिशीत हसत. आरोपीच्या पिंजऱ्यात अंबादास एकटा हसला नाही. तो कापडाकडे बघत होता, आपलं लेकरू गर्दीत दिसावं तसा.

न्यायाधीशांनी मूळ रंगीत कागद विणकामाच्या सरकारी तज्ज्ञाकडे पाठवला. तज्ज्ञाचं उत्तर चाचांच्याच शब्दांत आलं म्हणायला हरकत नाही, फक्त शुद्ध मराठीत. अंबादासला आरोपातून मुक्त केलं. निकालपत्रात न्यायाधीशांनी अटकेच्या कारणांच्या भाषेवर सविस्तर लिहिलं आणि तुरुंगाला बजावलं की भाषा कळत नाही म्हणून कोणाही कैद्याचं पत्र अडवू नये. ते वाचून झालं तेव्हा ठराव करणाऱ्यांपैकी आमचे सर्वांत ज्येष्ठ वकील जागेवरून उठले, पिंजऱ्यापाशी गेले आणि अंबादासला हात जोडले. मी त्यांच्या मागोमाग गेले. माझाही हात त्या ठरावाला वर गेला होता, ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "असू द्या की मॅडम. मीबी तुमच्यावर आधी विश्वास ठेवलो नव्हतो."

पुन्हा सोलापूर

त्याला एकट्याने प्रवास करायचा धीर होत नव्हता, म्हणून मी बरोबर निघाले. पुन्हा तीच मिरजेची गाडी. आता ज्वारी कापून झालेली, रानं काळी, आणि ऊन आमच्याकडच्यासारखं घामट नाही. कोरडं, सरळ डोक्यावर हात ठेवणारं.

सांगोल्याच्या आसपास अंबादास माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, संडासला जाऊ?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, तुरुंगात तो असंच विचारून जायचा. तो उत्तराची वाट बघत अर्धवट उठून उभा होता. शेवटी मी म्हटलं, "अंबादास, मला विचारायचं नाही. कोणालाच विचारायचं नाही." तो गेला, आणि जाताना त्याने दोनदा मागे वळून बघितलं.

कुर्डुवाडीला गाडी बदलून सोलापूरच्या गाडीत बसलो. गाडी सुटायला अवकाश होता. बघते तर समोरची जागा रिकामी. फलाटावर नाही, दाराशी नाही. शिट्टी झाली. मी पिशवी टाकून दाराकडे धावले. गाडी हलली आणि फलाटावरून दोन हातांत दोन चहाचे कप धरून तो पळत येताना दिसला, निम्मा चहा शर्टावर सांडत, तोंडभर हसत. चढला आणि धापा टाकत म्हणाला, "न विचारता गेलो!"

तसा चहा मी पुन्हा प्यायलेले नाही. अर्धा कप होता आणि कोमट होता.

सोलापूरला उतरून रिक्षाने वस्तीत पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं तेव्हा दोनेक तास गल्लीतली सगळी कामं थांबतात. आमच्या परसात बारमाही विहीर आहे, म्हणून मला हे कळायला वेळ लागला: त्या दोन तासांत इथली बाई चुलीवरचं दूधसुद्धा बघायला जात नाही. आम्ही पोचलो तो नेमका पाण्याचा वार होता. गल्लीच्या तोंडाशी घागरी, पिंपं, बादल्या, डबे, नळ्या, आणि त्या सगळ्यांवर वाकलेल्या पंचवीस-तीस बायका.

अंबादास रिक्षातून उतरला आणि तिथेच थबकला. ह्याच बायका इतके महिने त्याच्या पायरीकडे न बघता जात होत्या. ते पद्माने पत्रात लिहिलं नसलं तरी त्याला कोणीतरी सांगितलं असणार. मी त्याच्या पाठीला हात लावला, पण तो हलेना.

एका म्हातारीने वर पाहिलं. हातातली नळी तिने तशीच सोडून दिली. "अंबादासा!" तेलुगूत काहीतरी ओरडत ती ओल्या पायांनी धावत आली आणि दोन्ही तळव्यांनी त्याचं तोंड धरलं. मग दुसरी उठली. मग सगळ्याच. मागांची खटखट एकेका घरातून थांबत गेली आणि माणसं गंजीफ्रॉकवर बाहेर आली. अनुषा गर्दीतून वाट काढत आली आणि बापाच्या छातीवर आदळली. पद्मा मागे दारात उभी होती. ती धावली नाही. पदर खांद्यावर नीट घेऊन, सगळ्या गल्लीच्या समोर, सावकाश चालत आली आणि लोकांनी तिला वाट दिली.

पिंपं भरून वाहू लागली. पाणी घागरींवरून, पायऱ्यांवरून, चपलांमधून ओघळत गल्लीभर पसरलं, आणि तिथल्या एकाही बाईने नळ बंद केला नाही.